बरणीवरील नाव

लंडनमधील एखाद्या साध्या उपाहारगृहात 'चीझ अँड पिकल' या नावाचे सँडविच मागविले, तर पावाच्या दोन कापांमध्ये चीझच्या जोडीला काळसर तपकिरी रंगाचा, आंबटगोड, भाज्यांच्या बारीक फोडींनी भरलेला असा एक दाट पदार्थ पसरलेला आढळतो; आणि हेच शब्द न्यूयॉर्कमधील दुकानदारापुढे उच्चारले, तर तो चीझवर खारवलेल्या काकडीच्या चकत्या मांडून देतो, आणि आपण सांगितल्याहून काही निराळे केले अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. भाषा एक, लिपी एक, शब्दकोशही पुष्कळ अंशी एकच असताना अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर एका शब्दाने दोन सर्वस्वी भिन्न वस्तूंचा बोध व्हावा, या गोष्टीकडे पुष्कळ इंग्रज अमेरिकनांच्या भाषिक बेफिकिरीचा पुरावा म्हणून पाहतात, तर अमेरिकनांना तो इंग्रजांचा विक्षिप्तपणा वाटतो. मला ही दोन्ही मते अन्यायाची वाटतात. या दोन अर्थांच्या मागे दोन स्वतंत्र इतिहास उभे आहेत. त्यांपैकी एकाचा उगम आपल्याच किनाऱ्यावर झालेला आहे. आणि म्हणून लोणच्याच्या बरण्या परदेशी धाडणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी या मामल्याकडे तिऱ्हाइताच्या दृष्टीने पाहून भागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये आज 'पिकल' म्हटले की जी बरणी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते, ती ब्रॅन्स्टनची. स्टॅफर्डशायर परगण्यात बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावालगत ब्रॅन्स्टन नावाचे खेडे आहे. तेथील कारखान्यात क्रॉस अँड ब्लॅकवेल या कंपनीने १९२२ साली हा पदार्थ प्रथम तयार केला, आणि पुढे कारखाना तेथून उठला तरी खेड्याचे नाव बरणीस कायमचे चिकटून राहिले. सलगमाच्या जातीचा स्वीड नावाचा कंद, गाजर, कांदा, फुलकोबी, खजूर, साखर, व्हिनेगर आणि मसाले यांचे ते मिश्रण आहे. इंग्रजास काकडीच हवी असेल तर तो 'घर्किन' मागतो, पूर्व लंडनमधील तळलेल्या मासळीच्या दुकानांत तिला 'वॉली' असेही म्हणतात. कांदा हवा असेल तर 'पिकल्ड ऑनियन' असे विशेषण लावून सांगावे लागते. परंतु 'पिकल' हे नाम, त्याला कोणतीही उपाधी न जोडता उच्चारले असता, अनेक भाज्यांच्या मसालेदार मिश्रणासाठीच राखून ठेवलेले आहे.

अमेरिकेत ही सारी वहिवाट उलटी. तेथे हे नाम काकडीच्या पूर्ण मालकीचे आहे. 'डिल पिकल' म्हणजे शेपू घालून मुरवलेली काकडी. 'ब्रेड अँड बटर पिकल' म्हणजे काकडीच्या गोडसर चकत्या, ज्यांचे नाव इलिनॉयमधील फॅनिंग दांपत्याने १९२३ साली व्यापारचिन्ह म्हणून रीतसर नोंदवून घेतले. आणि 'घर्किन' हा शब्द तेथे उरला आहे तो केवळ अगदी लहान, बहुधा गोड काकडीपुरता. अमेरिकेच्या कृषिखात्याने पदार्थांची प्रतवारी ठरविण्यासाठी जे मानदंड घालून दिले आहेत, त्यांतही 'पिकल्स' म्हणजे सर्वस्वी किंवा मुख्यत्वेकरून काकडीपासून तयार केलेला पदार्थ, असाच अर्थ नमूद आहे. म्हणजे रस्त्यावरील बोलण्यात रुळलेल्या अर्थावर सरकारी दप्तराचाही शिक्का बसलेला आहे. उरलेल्या नावांची गतही अशीच. 'रेलिश' म्हणताच अमेरिकन मनुष्यास हॉट डॉगवर पसरायचा गोड काकडीचा बारीक चुरा आठवतो, तर इंग्लंडमध्ये १८२८ पासून चालत आलेल्या 'जंटलमन्स रेलिश'मध्ये काकडी तर नाहीच, ते अँकोव्ही नावाच्या मासळीचे खारट वाटण आहे.

हा भेद उत्पन्न कसा झाला, हे पाहू जाता आपल्याला आपल्याच आंब्यापाशी यावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीची गलबते आफ्रिकेस वळसा घालून विलायतेस पोहोचावयास अनेक महिने लागत, आणि तेवढ्या अवधीत ताजे फळ टिकणे अशक्य होते. त्यामुळे इंग्लंडच्या बंदरांत आंबा उतरला तो कैरीच्या रूपाने, मीठमसाल्यात मुरलेला. ज्यांनी हे फळ झाडावर कधी पाहिलेच नव्हते, त्यांच्या लेखी 'मँगो' हे फळाचे नाव न राहता पोटात मसाला भरून मुरविण्याच्या रीतीचे नाव बनले. आणि मग इंग्लंडमधील व अमेरिकेतील वसाहतींमधील गृहिणी खरबुजाचे मँगो करू लागल्या, काकडीचे करू लागल्या, पीचचेही करू लागल्या. अमेलिया सिमन्स यांचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक १७९६ साली हार्टफर्ड येथे छापले गेले, आणि अमेरिकन लेखणीतून उतरलेला हा पहिला पाकग्रंथ मानला जातो. त्यातही खरबुजांचे मँगो करण्याची कृती आहे.

मेरी रँडॉल्फ यांच्या 'द व्हर्जिनिया हाउस-वाइफ' या १८२४ सालच्या पुस्तकातील कृती तर कोणाही मराठी गृहिणीने मुद्दाम वाचावी अशी आहे. हंसाच्या अंड्याहून किंचित मोठी अशी कोवळी खरबुजे घ्यावयाची. त्यांवर मिठाचे कढत पाणी ओतून ती रात्रभर झाकून ठेवावयाची. दुसऱ्या दिवशी देठापासून टोकापर्यंत एक चीर देऊन बिया अलगद काढावयाच्या. पुन्हा आठ दिवस मिठाच्या पाण्यात, नंतर पंधरवडाभर कडक व्हिनेगरात ती मुरू द्यावयाची. आणि मग आतील बाजू मऊ फडक्याने पुसून त्यांत मसाला भरावयाचा. तो मसाला कोणता, तर आले, हॉर्सरॅडिश नावाचे झणझणीत मूळ, मोहरी, कांदा, जायपत्री, जायफळ, हळद आणि काळी मिरी हे सर्व तेलात कालवून केलेला, आणि शिवाय प्रत्येक फळात लसणाची एकेक पाकळी. हॉर्सरॅडिश व व्हिनेगर वगळले, तर ही आपली भरली मिरची किंवा भरले लिंबूच आहे. व्हर्जिनियातील त्या स्वयंपाकघरात हळद, मोहरी आणि तेल यांचा हा संगम कोठून आला असेल, हे सांगण्यासाठी निराळा साक्षीदार बोलावण्याची आवश्यकता नाही. पुढे ओहायो, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना या मुलखांत कोबी भरून मुरवलेल्या ढोबळ्या मिरचीस 'मँगो' म्हणण्याचा प्रघात पडला, आणि विसाव्या शतकातही तेथील खेड्यापाड्यांत कच्च्या, न भरलेल्या ढोबळ्या मिरचीलाही तेच नाव चालू होते.

'पिकलिली' या पिवळ्या पदार्थाची कुळकथा याच कुळातली. हॅना ग्लास यांच्या सुप्रसिद्ध पाकग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत 'पाको-लिला' या नावाने जी कृती दिलेली आहे, तिला तेथेच 'इंडियन पिकल' असे दुसरे नाव जोडलेले आहे. इंग्लंडमध्ये हा पदार्थ आजही हळद व मोहरी घालून फुलकोबी, कांदा आणि घर्किन यांचाच करतात. अमेरिकेत मात्र त्याच नावाखाली हिरव्या टोमॅटोचे किंवा ढोबळ्या मिरचीचे गोडसर मिश्रण मिळते. तेव्हा इंग्रजांचा 'पिकल' हा शब्द जरी हिंदी नसला, तरी त्यातून आज जो अर्थ निघतो, अनेक फोडी, मसाला, आंबट आणि गोड यांचा एकत्र खार, तो अर्थ हिंदुस्थानच्या व्यापारातून घडलेला आहे, असे मी मानतो.

अमेरिकेतही हा अर्थ प्रारंभी नांदत होता. तो तेथून मागे हटला याचे कारण अज्ञान नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२४ साली स्थलांतरावर कडक निर्बंध घालणारा कायदा होईपर्यंत पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत आले, आणि त्यांतील फार मोठा समाज न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या वस्तीत राहिला. त्यांच्या मुलखात हिवाळा दीर्घ व कडक, ताजी भाजी महिनोन् महिने दुर्मिळ. अशा ठिकाणी पिंपातील काकडी हा केवळ जिभेचा चोचला नव्हता, गरिबाच्या पावास तीच तोंडीलावणे होती. लाकडी पिंपात कोवळ्या काकड्या उभ्या रचावयाच्या, मधूनमधून शेपूच्या काड्या व ठेचलेला लसूण घालावयाचा, आणि वरून मिठाचे पाणी ओतून त्या बुडतील असे वजन ठेवावयाचे. व्हिनेगरचा एक थेंबही नाही. आंबटपणा येतो तो काकडीवर मुळातच असलेल्या सूक्ष्म जंतूंनी तयार केलेल्या आम्लाने. थोडक्या दिवसांनी बाहेर काढलेली काकडी हिरवीगार व करकरीत असते, तिला 'हाफ सावर' म्हणतात. कित्येक आठवडे मुरलेली काकडी ऑलिव्हच्या रंगावर जाते व आतपर्यंत आंबते, ती 'फुल सावर'. 'कोशर डिल' या नावातील पहिला शब्दही पुष्कळदा धर्मशास्त्राची ग्वाही देत नाही, लसूण घातलेली न्यूयॉर्कच्या ज्यूंच्या धाटणीची काकडी एवढेच सांगतो. याच सुमारास पिट्सबर्गच्या हाइन्झ यांच्यासारखे कारखानदार बाटलीबंद काकडी घरोघरी पोहोचवीत होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांनी काकडीच्या आकाराच्या लहानशा पिना वाटल्या आणि त्यांची सर्वत्र चर्चा झाली. एकीकडे गल्लीतील पिंप आणि दुसरीकडे कारखान्यातील बाटली यांच्या जोरावर काकडीने 'पिकल' हे नाम आपल्या नावे करून घेतले. निर्वासितांच्या कष्टाने रूढ झालेल्या अर्थास भ्रष्ट म्हणण्याचा अधिकार लंडनला नाही.

आता आपल्याकडे वळतो. भारत आज घर्किनचा अव्वल निर्यातदार आहे. २०२०-२१ या एका वर्षात घर्किन व काकडी मिळून दोन लाख टनांहून अधिक माल परदेशी गेला. कर्नाटक, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण येथील लहान शेतकरी करारावर हे पीक घेतात, आणि ते स्वतःच्या घरी क्वचितच खातात. परक्यांची वस्तू, परक्यांसाठी पिकवलेली, तिला परक्यांचेच नाव द्यावे, यात गैर काही नाही. परंतु कैरीचे लोणचे ही आपली वस्तू असताना तिच्या बरणीवरही आपण 'मँगो पिकल' असे छापून तीच बरणी बर्मिंगहॅमलाही पाठवितो आणि न्यू जर्सीलाही पाठवितो, हे मात्र मला पटत नाही. बर्मिंगहॅममध्ये हे नाव निभावून जाते, कारण तेथील अर्थ आपल्याच अर्थाचा दूरचा वंशज आहे. अमेरिकन ग्राहकाच्या मनात मात्र त्या शब्दासरशी काकडी उभी राहते, जी आख्खी चावून खावयाची, जिच्यावर तेलाचा थर कधी नसतो. आणि बरणी उघडताच तरंगणारे तेल पाहून हा माल बिघडला असावा असे त्याला वाटले, किंवा त्याने मोठा चमचाभर तोंडात टाकून जीभ पोळून घेतली, तर त्याला बोल लावता येणार नाही. आपणच त्याला चुकीची वर्दी दिलेली असते.

'पिकल' हा शब्द आता भारतीय इंग्रजीत रुळला आहे, त्यास हात कशाला लावावा, असा आक्षेप येईल. देशातल्या देशात तो खुशाल चालावा. माझे म्हणणे निर्यातीच्या बरणीपुरते आहे. कोरियन लोकांनी आपल्या किमचीस 'कोबीचे पिकल' म्हणवून घेतले नाही. त्यांनी किमची हेच नाव जगभर नेले, आणि २००१ साली अन्न व आरोग्य यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी चालविलेल्या कोडेक्स आयोगाकडून किमची या नावाचाच स्वतंत्र मानदंड मंजूर झाला. आंब्याच्या चटणीचाही मानदंड तेथे आहे. तेलात मुरवलेल्या फळभाज्या मात्र २००७ च्या एका सर्वसाधारण मानदंडात, मिठाच्या पाण्यातील व आम्लातील पदार्थांच्या रांगेत, निनावी बसलेल्या आहेत. तेथे स्वतंत्र नावाची दरखास्त करावयाची ती सरकारने. पण व्यापाऱ्याला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. बरणीच्या दर्शनी भागावर रोमन लिपीत ठळकपणे 'लोणचे'. त्याखाली कैरी, लिंबू की मिरची ते. मग ते तेलात मुरवलेले आहे की व्हिनेगरात, याचे इंग्रजीतील सरळ वर्णन, कारण बरणीत काय आहे ते ग्राहकास कळावे अशी अपेक्षा दोन्ही देशांचे कायदे बाळगतात. आणि शेवटी, भाताबरोबर किंवा पोळीबरोबर बोटभर घ्यावे, अशी एक ओळ. एवढा मजकूर सध्याच्याच कागदावर सहज मावतो, आणि पुढची खेप छापखान्यात जाईल तेव्हापासून तो छापता येईल.