मोजली माणसे, मते मात्र मालकांची

१७७६ साली अमेरिकेने मानवी समतेचा उद्घोष केला. अकरा वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फिया येथे त्याच राष्ट्राची राज्यघटना सिद्ध होत असताना प्रतिनिधींपुढे एक प्रश्न उभा ठाकला. लोकप्रतिनिधीगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावयाच्या, तर दक्षिणेकडील राज्यांतील लक्षावधी गुलाम त्या लोकसंख्येत धरावयाचे की नाही? उत्तर निघाले : पाच गुलाम म्हणजे तीन माणसे.

अमेरिकेने कृष्णवर्णीयाला तीन-पंचमांश माणूस ठरविले, अशी टीका आजही केली जाते. ती भावनेला पटते. पण खरे मर्म तिच्यातून निसटते. गुलाम पूर्ण मोजावेत, हा आग्रह कोणाचा होता? मालकांचा! ते मोजूच नयेत, असे उत्तरेकडील अनेक प्रतिनिधी म्हणत होते. गुलामाला मताधिकार नव्हताच. त्याच्या शिरगणतीने वाढणाऱ्या जागा मालकाच्याच पदरात पडणार होत्या. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी मॉरिस यांनी रोकडा सवाल केला : गुलाम ही माणसे असतील तर त्यांना नागरिक करून मत द्या, मालमत्ता असेल, तर अन्य मालमत्ता का मोजत नाही? चारच वर्षांपूर्वी, १७८३ मध्ये, कराचा बोजा लोकसंख्येनुसार वाटण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हीच दक्षिणी राज्ये गुलाम कमीत कमी मोजा म्हणून हटून बसली होती. तीन-पंचमांशाचे प्रमाण त्या वादातलेच.

घटनाकारांना याची लाजही वाटत असावी. ‘गुलाम’ हा शब्द त्यांनी मूळ घटनेत येऊ दिला नाही. ‘इतर व्यक्ती’ असा आडपडदा घेतला. फळ मात्र उघड होते. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सात लाखांच्या घरात होती; त्यांपैकी दोन लाख नव्वद हजारांहून अधिक एकट्या व्हर्जिनियात. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातही हाच हिशेब लागू असल्याने पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षे ते पद व्हर्जिनियाकडे राहिले. १८०० साली जेफरसन यांनी ॲडम्स यांच्यावर मिळविलेला आठ मतांचा विजय गुलामांच्या शिरगणतीवाचून शक्य नव्हता, असे अनेक इतिहासकार मानतात.

पुढे यादवी युद्ध झाले. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, १८६८ मध्ये तीन-पंचमांशाचे कलम गेले, १८७० मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा मताधिकार घटनेत आला. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच आशेच्या काळात.

ती आशा टिकली नाही. १८७७ मध्ये केंद्राचे सैन्य दक्षिणेतून मागे घेतले गेले आणि मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा व दहशत यांच्या बळावर मताधिकार क्रमाक्रमाने हिरावला गेला. पूर्वीचा गुलाम आता पूर्ण मोजला जात होता. दक्षिणेच्या जागा त्यामुळे वाढल्या होत्या, आणि मत द्यायला तो पुन्हा नव्हताच! म्हणजे मालकांच्या वारसांना तीन-पंचमांशाऐवजी पाच-पंचमांश लाभ झाला. मताधिकार नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कमी कराव्यात, अशी स्पष्ट तरतूद चौदाव्या घटनादुरुस्तीत होती. ती एकाही राज्याविरुद्ध कधी वापरली गेली नाही. मताधिकाराचा परिणामकारक कायदा येण्यास १९६५ साल उजाडावे लागले.