मेंढीच्या गव्हाणीत कढईचं तेल नको

परवा एका मेंढपाळ मित्राचा फोन आला. "दादा, हाटेलातलं तळून उरलेलं तेल स्वस्तात मिळतंय. भरड्यात कालवलं तर ईदपर्यंत मेंढं चांगलं भरतंय म्हणत्यात. घालू का?"

मी नको म्हटलं. का, ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

तेलात धान्यापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा असते, हे खरंच. पण मेंढी रवंथ करणारं जनावर. एकूण सुक्या खाद्यात चरबी ५-६ टक्क्यांच्या पुढे गेली की कोटीपोटातल्या जिवाणूंचं काम बिघडतं, चारा पचत नाही. हे झालं चांगल्या तेलाचं! दहादा तापवलेल्या तेलाचं तर बोलायलाच नको.

त्याहून मोठा धोका म्हणजे डब्यात नक्की काय आहे, हे कुणालाच माहीत नसतं. १९९९ साली बेल्जियममध्ये पशुखाद्यासाठी गोळा केलेल्या जुन्या चरबीत पीसीबी असलेलं विषारी औद्योगिक तेल मिसळलं गेलं. खाद्यातून ते कोंबड्यांत आणि अंड्यांत उतरलं. प्रकार जानेवारीतला, लोकांना कळलं मे महिन्याच्या शेवटी! दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले, जूनच्या निवडणुकीत सत्ताधारी हरले. पुढे युरोपियन युनियनने हॉटेलांतलं वापरलेलं तेल पशुखाद्यात घालायला बंदीच केली.

आपल्याकडे नियम आहेत. २०१८ पासून २५ टक्क्यांहून जास्त पोलर घटक असलेलं तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. रोज ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संस्थेलाच द्यायचं. त्याचं बायोडिझेल होतं. छान आहे. पण कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीचं काय? तिचा डबा कुठे जातो, कोण बघतं?

माणसाच्या ताटातून काढलेलं तेल मेंढीच्या मटणातून परत माणसाच्याच ताटात येणार असेल, तर नियम केला कशाला?

माझ्या मते दोनच गोष्टी करा. पशुखाद्याच्या पोत्यावर चरबीचे टक्के छापता, तशी ती चरबी कशाची हेही छापा. आणि छोट्या गाडीवाल्यांकडचं तेल योग्य भाव देऊन तालुक्यातच गोळा करा. भंगारवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त मिळाले, तर कोण कशाला मेंढपाळाला विकेल?

मित्राला दोष देत नाही. पेंडीचे भाव बघा, म्हणजे कळेल. त्याने निदान विचारलं तरी. न विचारता घालणारे किती असतील?