राजौरीची वाट

ऑगस्ट २०१८ मध्ये मीरा रोडच्या रस्त्यांवर एका तरुण अधिकाऱ्याच्या अंत्ययात्रेला मोठा जनसमुदाय लोटला होता. काश्मीरमधील गुरेझ क्षेत्रात घुसखोरांशी झालेल्या चकमकीत मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांचे तीन सहकारी ७ ऑगस्ट रोजी धारातीर्थी पडले होते. ज्या नगरात सैनिकी परंपरेची गावे नाहीत, जिथे बहुतेक घरे दुकानावर, पेढीवर किंवा लोकलच्या वेळापत्रकावर चालतात, त्या नगराने त्या दिवशी रणांगण प्रथमच इतक्या जवळून पाहिले. पुढे त्यांच्या पत्नीने स्वतः सैन्यात प्रवेश केला आणि २०२१ मध्ये चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतून अधिकारी होऊन त्या बाहेर पडल्या.

त्याच आडनावाचा आणखी एक सैनिक सत्तर वर्षांपूर्वी त्याच काश्मीरच्या डोंगरांत लढला होता. त्या काळी भाईंदर म्हणजे मिठागरे, कोळीवाडा आणि रेल्वेचे एक लहानसे स्थानक. त्या सैनिकाचे नाव रामा राघोबा राणे. स्वतःच्या हयातीत परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले वीर. मात्र शाळकरी मुलांना आज हे नाव विचारले तर दहांतील नऊ जण गप्प राहतील.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिया येथला. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्या वारंवार होत आणि मुलाचे शिक्षण तुटक तुटक झाले. १९३० च्या सविनय कायदेभंगाचे वारे वाहू लागले तेव्हा हा बारा वर्षांचा मुलगा त्याकडे ओढला गेला. सरकारी नोकरीतील पित्याला घाम फुटला आणि कुटुंब मुकाट्याने गावी परतले. इतिहासाची गंमत अशी की दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, हाच मुलगा इंग्रजांच्या सैन्यात, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. प्रशिक्षणात तो सर्वोत्तम रंगरूट ठरला आणि कमांडंटची छडी त्याच्या हाती आली.

सॅपर म्हणजे सैन्याचा अभियंता. पूल बांधणे, रस्ता काढणे, सुरुंग पेरणे आणि उपसणे हे त्याचे काम. पायदळाच्या पुढे चालावे लागते, परंतु जयजयकार पायदळाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशात होते. बुथिडाँगहून सैन्य मागे सरकले तेव्हा दारूगोळ्याचे साठे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ते उद्ध्वस्त करण्यास काही सॅपर मागे ठेवले गेले. त्यांत राणे होते. काम झाल्यावर नौदलाने त्यांना उचलून न्यायचे होते. ते जमले नाही. जपानी गस्त असलेली नदी त्यांनी आपल्या हिमतीवर ओलांडली आणि आपल्या सैन्याला जाऊन मिळाले.

स्वातंत्र्यानंतर, १५ डिसेंबर १९४७ रोजी, राणे सेकंड लेफ्टनंट झाले. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत येण्यास साडेसात वर्षे लागली होती. चारच महिन्यांत त्यांची कसोटी उभी राहिली.

राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तेथील रहिवाशांवर भीषण प्रसंग गुदरला होता. नौशेराहून राजौरीकडे जाणारा एकच रस्ता, तोही डोंगराच्या कडेने सापासारखा वळसे घेत जाणारा. पावलापावलावर चिडाचे मोठमोठे वृक्ष आडवे पाडलेले, त्यांच्याभोवती सुरुंग, मोऱ्या उडवलेल्या, आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगन. रणगाडे कितीही बलाढ्य असोत, अशा वाटेवर त्यांची गती एका माणसाच्या हातांवर अवलंबून असते. तो माणूस होता राणे आणि त्यांच्यासोबतचे मूठभर सॅपर.

८ एप्रिल १९४८. सकाळी अकराच्या सुमारास तुकडी रणगाड्यांजवळ कामास उभी असतानाच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्यांना लगेच पुन्हा एकत्र केले आणि काम सुरू केले. बरवाली टेकडी संध्याकाळी साडेचारला हाती आली. शत्रू अजून आसपास आहे हे ठाऊक असूनही त्यांनी रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून पुन्हा तेच. वळणरस्ता दुपारी तीनला तयार झाला आणि राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत चढले. अर्ध्या मैलावर वृक्षांचा अडसर. तो स्फोटाने उडवला. पुढे तीनशे यार्डांवर दुसरा, तोही उडवला. मग तोडलेली मोरी, वर मशीनगनचा मारा. सव्वासहा वाजता पाच वृक्षांचा एक प्रचंड अडसर समोर आला, चहूबाजूंनी सुरुंग. ते उपसायला बसलेच होते, पण अंधार पडला आणि ताफ्याच्या प्रमुखाने सर्वांना मागे थांबवले.

पुढच्या पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच अडसरासमोर होते. साडेसहापर्यंत तो मोकळा झाला, साडेदहापर्यंत पुढचे हजार यार्ड. रणगाड्याखाली सरपटत सुरुंग काढताना ते दोरीच्या झटक्याने चालकाला थांब, चल अशा खुणा करीत, असेही त्यांच्याविषयी सांगितले जाते.

यानंतर घडले ते व्यापारी मनाला विशेष उमजेल. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. रणगाड्यांचे काम भागले होते. पण शिधा, औषधे, दारूगोळा, पेट्रोल वाहणाऱ्या लॉऱ्या नदीपात्रातून जात नाहीत. त्यांना रस्ता हवा. मागून माल पोहोचला नाही, तर पुढे मिळवलेले ठाणे दोन दिवसांत उपाशी मरते. राणे यांनी हे जाणले आणि सगळे पुढे गेल्यावरही ते मागे रस्त्यावरच राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, अंगावर जखम, रात्री नऊपर्यंत काम. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात आणि अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहनांना खुला. त्या रात्रीही दहापर्यंत ते पुढचा टप्पा साफ करीत होते. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत दाखल झाले.

(हे चिंगस म्हणजे काश्मीरच्या वाटेवरील मोगलांचे जुने मुक्कामाचे ठिकाण. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना वारलेल्या जहांगिराची आतडी येथेच पुरली, अशी आख्यायिका आहे.)

परमवीर चक्राचे त्यांचे मानपत्र वाचण्यासारखे आहे. त्यात तास आहेत, मिनिटे आहेत, यार्ड आहेत. जणू एखाद्या काटेकोर मुनिमाची रोजकीर्द. शत्रूचे किती मारले याचा आकडा मात्र त्यात कुठेच नाही. चार दिवस मृत्यूच्या तोंडी राहून या माणसाने जे काढून टाकले ते मारणारे सुरुंग होते, आणि मागून येणारे शेकडो जण त्यामुळे सुखरूप चालले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या घरांना शौर्याची ही जात थोडी अधिक जवळची वाटावी.

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि राणे यांचे नाव त्याच वर्षी २१ जूनला राजपत्रात आले. १९४७-४८ च्या या युद्धातील पाच मानकऱ्यांपैकी दोघेच जिवंत होते, दुसरे लान्स नायक करम सिंग. पदकाची रचना केली ती सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या, विवाहाने मराठी सैनिकी घरच्या. दधीचींच्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र त्यांनी पदकावर कोरले.

पदकानंतरचे आयुष्य साधे होते. १९५५ मध्ये विवाह, संसार, बदल्या. पाच वेळा युद्धवृत्तांतांत नामोल्लेख झालेला हा अधिकारी जून १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाला. सैन्याने पुन्हा बोलावले आणि एप्रिल १९७१ पर्यंत सेवा चालू राहिली. १९८४ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव मिळाले. रस्ता मोकळा करणाऱ्याचे नाव घेऊन ते जहाज पुढे कित्येक वर्षे समुद्रावर माल वाहत होते.

११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी राणे यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा २००६ मध्ये बसला. २०२३ च्या जानेवारीत अंदमानातील एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांतील एक बेट आता नकाशावर त्यांच्या नावाने आहे.