पृथ्वीचा काय ‘फॉल्ट’?

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘फॉल्ट’ हा शब्द आला, की घरातली मोठी माणसे थबकतात. फॉल्ट म्हणजे चूक, दोष, हे आपल्याला ठाऊक असते. विजेच्या तारेत फॉल्ट येतो, टेलिफोनमध्ये येतो. पण खडकांत? ज्या भेगेवर खडक सरकतात आणि भूकंप होतात, तिला हे नाव देण्याइतका पृथ्वीने साहेबाचा कोणता अपराध केला?

मूळ लॅटिन क्रियापद आहे ‘फालेरे’, म्हणजे फसवणे, दगा देणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फोत’ असा शब्द झाला आणि तो इंग्लंडात आला, तो ‘उणीव’ या अर्थाने. त्यात तेव्हा ‘ल’ नव्हता. पुढे पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून तो घातला. पण लोकांच्या जिभेवर तो बसायला फार काळ गेला. अठराव्या शतकातला कवी अलेक्झांडर पोप ‘फॉल्ट’चे यमक चक्क ‘थॉट’शी जुळवतो! शिकारी लोकही हा शब्द वापरत. सावजाचा माग काढताना कुत्र्यांना वास लागेनासा झाला, की कुत्री ‘फॉल्ट’वर आली असे ते म्हणत.

कोळशाच्या खाणीतही अगदी हेच घडे. मजूर थराच्या मागोमाग खणत जाई आणि एके ठिकाणी थर एकाएकी संपे. समोर नुसता दगड! कोळसा फसवून गेला, हरवला. अठराव्या शतकातल्या खाणकामगारांनी याला ‘फॉल्ट’ म्हटले. दोष कुणाचाच नव्हता. होती ती उणीव.

काही भागांत यालाच सरळ ‘ट्रबल’, म्हणजे संकट, म्हणत. ते खोटे नव्हते. थर हरवला की मजुरी बुडे, आणि अशा भेगेतून पुष्कळदा पाणी किंवा पेट घेणारा वायू खाणीत शिरे. न्यूकॅसलकडे तिसरा शब्द होता, ‘डाइक’. खंदक आणि बांध हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. तिथल्या एका प्रसिद्ध भेगेचे नाव आहे ‘नाइन्टी फॅदम डाइक’. एक फॅदम म्हणजे ६ फूट. तेव्हा नव्वद फॅदम म्हणजे थर तब्बल ५४० फूट वरखाली झालेला!

खडक असा जितका वरखाली होतो, त्या अंतराला ‘थ्रो’, म्हणजे फेक, म्हणतात. हरवलेला थर वर शोधायचा की खाली, यावर महिनोन् महिन्यांची मेहनत अवलंबून असे. त्यासाठी खाणीत एक ठोकताळा होता. समोरची भेग पायाशी पुढे पुढे उतरत गेली असेल, तर खाली खणा. डोक्याकडे पुढे झुकत गेली असेल, तर वर शोधा. नेहमीच्या प्रकारच्या भेगांत तो बरोबर ठरतो, आणि त्याचे कारणही भूशास्त्राला सांगता येते.

तिरक्या भेगेतले खनिज काढताना मजुराच्या डोक्यावर एक भिंत लोंबल्यासारखी असे आणि दुसरीवर त्याचे पाय टेकलेले असत. म्हणून वरची ‘हँगिंग वॉल’ आणि खालची ‘फुट वॉल’. आजही विद्यापीठांत हेच शब्द शिकवतात.

डर्बीशायरच्या शिशाच्या खाणींनी दिलेला शब्द मात्र अंगावर काटा आणणारा आहे. ‘स्लिक’ म्हणजे गुळगुळीत, त्यावरून ‘स्लिकनसाइड’. दोन खडक एकमेकांवर घासून आरशासारखे चकचकीत होतात, ती ही बाजू. तिच्यावरच्या बारीक रेघांवरून खडक कोणत्या दिशेने सरकला ते कळते. पण तिथल्या मजुरांना दुसरेही ठाऊक होते. अशा काही दगडांत ताण कोंडलेला असे आणि टिकावाचा घाव बसताच ते स्फोटासारखे फुटत. दिसायला देखणा, पण जपून राहायचा दगड!

या भेगांचा भूकंपाशी जवळचा संबंध आहे, हे मात्र जगाला पुष्कळ उशिरा पटले. भूकंपाला फार जुन्या इंग्रजीत ‘धरणीचे ढवळणे’ अशा अर्थाचा शब्द होता. ‘अर्थक्वेक’, म्हणजे धरणीची थरथर, हा नंतरचा. पण धरणी थरथरते का? १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को हादरले, तेव्हा सॅन आंद्रेआस या भेगेवरची कुंपणे आणि रस्ते तुटून सरकलेले दिसले. एके ठिकाणी तर सुमारे २० फूट. त्यावरून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये दाखवून दिले, की भेगेच्या दोन्ही बाजूंना ताण साठत जातो, आणि तो असह्य झाला की खडक एका झटक्यात सरकतात. ताण कोंडलेल्या दगडाची धास्ती डर्बीशायरच्या मजुरांनी खाणीत घेतली होती. इथे तोच ताण शेकडो मैल लांबीच्या भेगेवर साठला होता.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘फॉल्ट’चे भाषांतर ‘दोष’ असे केले नाही, हे बरे झाले. मराठीत तो झाला ‘प्रस्तरभंग’, म्हणजे थर मोडणे. आणि दोन भेगांमधला भाग खचून जी दरी होते, तिला शब्द मिळाला ‘खचदरी’. तिला इंग्रजीत ‘रिफ्ट व्हॅली’, म्हणजे फाटलेली दरी, म्हणतात. खचलेली विहीर, खचलेला रस्ता आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. त्यामुळे ‘खचदरी’ वाचताच ती डोळ्यांपुढे उभी राहते.