फेरफाराचा माग
जमिनीचे दफ्तर नव्या व्यवस्थेत नेताना आजची नोंद उतरवणे सोपे. ती तशी का झाली, याचा माग सोबत नेणे अवघड. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हैदराबाद राज्यातून 1956मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, 1960मध्ये महाराष्ट्रात आणि 1999मध्ये परभणीतून फुटलेल्या हिंगोली जिल्ह्यात आले. मराठवाड्यात जुना हक्क शोधणारा मात्र आजही 1954-55च्या खासरा पत्रकापर्यंत जातो. सातबारावर नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. वारस, खरेदी की बोजा, हे गाव नमुना सहामधील त्या नोंदीत उलगडते. हस्तलिखित सातबाऱ्याच्या पुनर्लेखनात चालू नोंदी पुढे येत, कंसात टाकलेल्या जुन्या मागे राहत. संगणकीकरणात फेरफार क्रमांक हाच कच्चा दुवा ठरला: एक क्रमांक चुकला की साखळी तुटते, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 155खालच्या दुरुस्तीसाठी जुने बाड पुन्हा उघडावे लागते. संगणक प्रणालीचा कोड, त्यातील बदलांची नोंद ठेवणाऱ्या सबव्हर्जनमधून तशाच गिटमध्ये नेणारेही शेवटच्या प्रतीवर भागवत नाहीत (निदान शहाणे तरी). प्रत्येक बदल, कर्ता आणि तारीख क्रमाने उतरवतात. गिटमध्ये सबव्हर्जनचे चढते क्रमांक उरत नाहीत, म्हणून जुना क्रमांक त्या-त्या बदलाच्या टिपणातच लिहून ठेवला जातो.