राग कशाचा होता?

आमच्या वाशिमकडे ‘अॅट्रॉसिटी’ म्हटलं की लोक लगेच म्हणतात, ‘खोट्या केसेस!’ मग खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले. खुनाची शिक्षा झाली, पण १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागलाच नाही. २०१० मध्ये हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ म्हणालं, हा सूड होता, जात नव्हे.

अरे, पण राग कशाचा? दलित बाईनं पोलिसांत साक्ष दिली, याचाच ना!

जातीमुळेच मारलं हे सिद्ध करा, अशी कायद्याची अट. मी कोड लिहितो. अट चुकली की उत्तर चुकणारच. २०१५ च्या दुरुस्तीनं ती बदलली: गंभीर गुन्ह्यात, समोरच्याची जात माहीत होती, एवढं पुरे.

आणि गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते?