नगराचें स्वराज्य आणि धाराशिवचें पाणी

राज्य कोणाचेंही असो, सामान्य मनुष्यास त्याचा खरा अनुभव राजधानींत येत नाहीं. तो आपल्या दाराशीं येतो. नळास पाणी आलें कीं नाहीं, गटार उपसलें गेलें कीं नाहीं, आणि भरलेल्या घरपट्टीचा पैसा कोठें गेला, या तीन प्रश्नांचीं उत्तरें जेथें नागरिकास हक्कानें मागतां येतात, तेथेंच स्वराज्य घरापर्यंत पोंचलें असें म्हणावें. या कसोटीवर धाराशिव नगरीची स्थिति तपासून पाहण्याची वेळ आज आली आहे. येथील नगर परिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षें सरकारनें नेमलेला प्रशासकच नगराचा कारभार पाहत होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादांत राज्यभरच्या निवडणुका अडकून पडल्या. अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली, तेव्हां कोठें त्या वर्षाच्या डिसेंबरांत राज्यांतील नगर परिषदांस व नगर पंचायतींस पुन्हां लोकनियुक्त सभासद लाभले.

१ जून १९९३ पासून अंमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें असें ठरविलें आहे कीं, नगरसभेची मुदत पांच वर्षांची असावी आणि ती संपण्यापूर्वींच नवी निवडणूक व्हावी. नियम इतका स्पष्ट असूनही तो चार वर्षें कागदावरच राहिला. प्रशासकानें कांहींच केलें नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. कर्तबगार अधिकारी रस्ते झाडून घेईल, दिवेही लावील. पण त्याचा जबाब वरच्या कचेरीस असतो, खालच्या आळीस नसतो. चांगला कारभार आणि आपला कारभार या दोन भिन्न वस्तु आहेत, आणि पहिलीच्या मोबदल्यांत दुसरी गहाण टाकणें हा शहाण्या व्यापाऱ्याचा व्यवहार नव्हे.

इंग्लंडांत १८३५ च्या कायद्यानें १७८ नगरांच्या जुन्या, बंदिस्त व वशिल्याच्या मंडळ्या मोडून तेथें करदात्यांनीं निवडलेल्या सभा बसविल्या. त्या कायद्याचें मर्म केवळ मतदानांत नव्हतें. नगराचे हिशेब तपासले जावेत, छापले जावेत आणि करदात्यास पाहावयास मिळावेत, हेंही त्यांत होतें. आपल्याकडे लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ सालचा. पण तो ब्रिटिश मुलुखापुरता होता. शेजारच्या सोलापुरास १८५२ पासून नगरपालिका होती, तर धाराशिव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथें रिपनच्या ठरावाचा अंमल नव्हता. तात्पर्य, आपला कारभार आपण करण्याची संवय या भागांत मुळांतच उशिरा लागली. ज्या रोपास मूळ धरण्यास वेळ लागला, तें चार वर्षें पाण्यावांचून ठेवल्यास त्याची हानि इतरांहून अधिक होते.

पाण्याचा हा दाखला आम्हीं अलंकारासाठीं दिलेला नाहीं. धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावर वसला आहे. येथील पश्चिमेचें पाणी सीनेंतून भीमेस, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यांत जातें; पूर्वेचें तेरणा-मांजरेच्या वाटेनें गोदावरीस मिळतें. दोन महानद्यांच्या मधला हा पाणलोटाचा कणा. येथें पडलेलें पाणी दोहींकडे उतरून जातें, आणि पर्जन्यछायेमुळें तें पडतेंही बेभरंवशाचें. शेजारच्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोणी विसरलेलें नसेल. धाराशिव नगरानें तेरणेवर भिस्त ठेवून पाहिली आणि पुढें सोलापूर जिल्ह्यांतील उजनी धरणापर्यंत नळ नेला. उजनीचें पाणी चढावर उपसून आणावें लागतें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम नगरानेंही १९०४ सालीं वेल्सच्या डोंगरांतून ७३ मैलांवरून पाणी आणलें. पण तें उतारानें आपोआप वाहत येतें. आपलें पाणी विजेच्या पंपावर चढतें. म्हणून येथें नळाचा प्रश्न हाच वीजबिलाचा प्रश्न, आणि वीजबिलाचा प्रश्न हाच पट्टीचा प्रश्न होऊन बसतो.

आतां जमेची बाजू पाहूं. १९९९ सालीं नगर परिषदांची जकात बंद झाली. नाक्यावरचा जाच गेला, याचा व्यापारी वर्गास आनंद झाला व तो रास्तही होता. परंतु जकातीबरोबर नगराचें हक्काचें उत्पन्न गेलें आणि त्याच्या जागीं सरकारी अनुदान आलें. ज्याचें अन्न परहस्तें, त्याचें तोंडही परहस्तेंच. तुळजापुराचा दाखला घ्या. २०११ च्या गणतींत त्या गांवची वस्ती चौतीस हजारांच्या आसपास होती. पण भवानीच्या दर्शनास लक्षावधि यात्रेकरू येतात. त्या सर्वांची स्वच्छता व पाणी पाहावयाचें, आणि घरपट्टी मात्र चौतीस हजारांच्या घरांची!

शिवाय खेळाचे नियमही स्थिर नाहींत. नगराध्यक्ष थेट जनतेनें निवडावा असें २०१६ मध्यें ठरलें, २०२० मध्यें तें रद्द झालें, २०२२ मध्यें पुन्हां ठरलें. सहा वर्षांत तीनदां फिरलेल्या कायद्यानें नगराचा विचार किती झाला आणि पक्षांच्या सोयीचा किती, हें वाचकांनींच ताडावें.

यावर कोणी म्हणेल कीं, निवडणूक झाली, आतां सर्व कांहीं सुरळीत होईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या बर्मिंगहॅमनें १८७३ नंतर जोसेफ चेंबरलेन यांच्या अध्यक्षतेखालीं गॅस व पाणी नगराच्या मालकीचें करून जगास धडा घालून दिला, त्याच नगराच्या सभेस सप्टेंबर २०२३ मध्यें अत्यावश्यक नसलेला नवा खर्च थांबविण्याची जाहीर नोटीस काढावी लागली. लोकनियुक्त सभाही दिवाळ्याच्या दारीं जाऊं शकते. तिला राखणारी एकच वस्तु, ती म्हणजे करदात्याची जागती नजर.

म्हणून नव्या सभेपाशीं आमचीं तीन मागणीं आहेत. दर तिमाहीचा जमाखर्च सोप्या मराठींत छापून प्रत्येक प्रभागांत लावावा. पाण्याचा ताळेबंद निराळा मांडावा: किती उपसलें, विजेस किती गेले, वाटेंत किती गळालें आणि पट्टी किती वसूल झाली. आणि प्रत्येक प्रभागांत दर तिमाहीस नागरिकांची उघडी सभा भरवावी. लहानशा खेड्यास कायद्यानें ग्रामसभा आहे. पण तीन लाखांखालच्या नगरास प्रभाग समितीचें बंधन संविधानांतही नाहीं. बंधन नसलें तरी मनाईही नाहीं.

यांपैकीं एकाही गोष्टीस मुंबईच्या मंजुरीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आणि नागरिकांनीं तरी काय करावें? दुकानाची रोजकीर्द रात्रीं मिटविल्याशिवाय ज्यास झोंप येत नाहीं, त्यानें नगराच्या रोजकीर्दीकडे पांच वर्षांतून एकदांच पाहावें, हें कसें शोभेल? घरपट्टीची पावती घेतांना तिचा हिशेबही मागावा. ती मागणी ज्या दिवशीं अंगवळणीं पडेल, त्या दिवसापासून प्रशासक नेमण्याचें धाडस कोणत्याही सरकारास सहजासहजीं होणार नाहीं.